उपाशी पट्टा

आमच्या वावरात खुर्च्या आल्या त्या पहिल्यांदा विद्यापीठवाल्यांसाठी. लाल प्लास्टिकच्या, ग्रामपंचायतीतून मामंजींनी डोक्यावर वाहून आणलेल्या. मामंजी म्हणजे माझे सासरे शालिग्राम. साठीचा माणूस, गुडघे कुरकुरतात, पण पाहुणे येणार म्हटल्यावर त्यांचा हुरूप काय सांगावा. बाभळीखाली खुर्च्या मांडल्या, उपरण्याने पुसल्या, वर एक घोंगडी अंथरली. पाहुणे आले आणि एकही जण बसला नाही. उभ्याउभ्या माती पाहिली, पिशव्यांत भरली, गाडीतल्या बाटल्यांमधलं पाणी प्याले आणि गेले. मामंजींनी खुर्च्या पुन्हा डोक्यावर घेतल्या. घामाने उपरणं ओलं झालं होतं, पण चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं. मला तेव्हाच राग आला होता. पण घरातल्या सुनेच्या रागाला कोण विचारतं?

आमचं गाव जळगाव जामोदच्या खालच्या अंगाला, खारपाणपट्ट्यात. विहिरीला पाणी आहे, पण तोंडात घेतलं तर थुंकून टाकावं लागतं आणि पिकाला दिलं तर पीक जळतं. त्यामुळे पऱ्हाटी, म्हणजे आमचा कापूस, पावसाच्या भरवशावर. गोडं पाणी तेवढं नळाला येतं, तेही दिवसाआड नाही, येईल तेव्हा येतं. त्यावर माणसांनी आणि ढोरांनी भागवायचं.

एका कंपनीने म्हणे पावडर काढली होती. मुळाशी टाकली की पावसाचं पाणी धरून ठेवते आणि खार वर येऊ देत नाही. पावडर कंपनीची, तपासणी विद्यापीठाची आणि वावरं शोधून द्यायचं काम संस्थेचं. संस्थेच्या प्रेरणाताई आमच्या बचत गटाच्या बैठकीत फार गोड बोलल्या. ही तिघांची भागीदारी आहे, म्हणाल्या, आणि चौथे भागीदार तुम्ही. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकलेली, म्हणून मला गावसखी केलं. दर आठवड्याला खुणा केलेल्या काठीने झाडांची उंची मोजायची आणि मोबाईलमध्ये भरायची. प्रयोग जमला तर गावात केंद्र निघेल आणि दीपमाला, तू तिथे कायम, असं ताईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. माझा नवरा गोविंदा मलकापूरच्या जिनिंगमध्ये कामाला, आठवड्याने घरी येणारा. मलाही घराबाहेर काहीतरी हवं होतं. मी हो म्हटलं.

आता एवढ्या गावात आमचंच वावर का घेतलं, ते सांगते. जमिनीसाठी नाही घेतलं. माझ्या सासूसाठी घेतलं.

माझी सासू मंजुळाबाई. तिच्या हाताला गुण आहे, असं गाव मानायचं. सरकी टोबायच्या, एकेक बी मातीत खोचायच्या दिवशी आमच्या भागातल्या बायका आधी तिला बोलावून नेत. तिने पहिल्या तासात, म्हणजे ओळीत, पहिल्या चार बिया आपल्या हाताने टोबायच्या, मग बाकीच्यांनी हात लावायचा. वावराची मालकीण तिच्या कपाळाला हळदकुंकू लावून अर्धं खोबरं पदरात घालायची. टोबणीच्या दिवसांत आमच्या घरी खोबऱ्याच्या वाट्यांची परडी भरून जायची. कोणाचं पीक गेलं तर लोक पावसाला शिव्या द्यायचे, देवाला द्यायचे, पण मंजुळाबाईच्या हाताला कधी कोणी बोल लावला नाही. तिनेही त्या हाताचा मान ठेवला होता. टोबणीच्या दिवसांत ती कोणाशी भांडायची नाही, खोटं बोलायची नाही. मामंजींनी चिडवलं तरी गप्प राहायची. बाकी वर्षभर मात्र तिच्या तोंडाला फारसा आराम नसायचा. आणि हे सगळं प्रेरणाताईंना पक्कं ठाऊक होतं. मंजुळाबाईंच्या शेतात प्रयोग झाला की गाव आपोआप मागे येईल, असं त्या माझ्यासमोरच म्हणाल्या होत्या.

मृग लागायच्या आधी विद्यापीठाच्या अर्पिता मॅडम आल्या. लहानखुऱ्या, डोक्यावर टोपी, बोलायला शांत. त्यांनी दोऱ्या लावून वावराचे तीन पट्टे पाडले. पहिल्या पट्ट्यात पावडर. ती कंपनीची पोरं हातमोजे घालून टाकून गेली, आमच्यापैकी कोणाला हात लावू दिला नाही. दुसऱ्या पट्ट्यात आपलं नेहमीचं शेणखत आणि रासायनिक खत. तिसऱ्यापाशी आल्यावर मॅडम थांबल्या.

सासूने विचारलं, "न् याले काय द्याचं?"

"याला काही नाही, आजी."

"कई द्याचं मंग?"

"कधीच नाही. निंदण करा, पण खत नाही, पावडर नाही, पाणी नाही. याला काही दिलं नाही, तरच बाकीच्या दोघांना दिल्याने काय झालं ते कळेल."

 सासूने पदराने तोंड पुसलं आणि तिन्ही पट्ट्यांत पहिल्या बिया आपल्या हाताने टोबल्या. तिसऱ्यात जरा जास्त वेळ बसली. मॅडमने फोटो काढला आणि तिचा हात किती सुरेख चालतो म्हणून कौतुक केलं. खोटं कशाला बोलू, मॅडम वाईट नव्हत्या.

टोबणी झाली, बी न उगवलेले खाडे भरले, पहिलं निंदण झालं. सकाळी भाकर बांधून मी आणि सासू निघायचो, मामंजी कोळपणीचा डवरा घेऊन पुढे. उकिडवं बसून बसून मांड्या भरून यायच्या. खुरप्याच्या मुठीने तळहाताला घट्टे पडले ते पडलेच. दर आठवड्याला मी काठी घेऊन प्रत्येक पट्ट्यातली खुणेची झाडं मोजायची. सासू मागून म्हणायची, मोजून वाढत असतं तर मी तुलाच मोजलं असतं. माझ्या बुटकेपणावर तिला बोलायला फार आवडायचं.

श्रावणात पावसाने पाठ फिरवली. आभाळ यायचं, वारा सुटायचा आणि संध्याकाळपर्यंत सगळं सातपुड्याकडे निघून जायचं. जमिनीवर खाराची पांढरी साय धरली. पावडरीचा पट्टा पिवळट पडला, आपला खताचा पट्टा कसाबसा तग धरून होता, आणि तिसऱ्या पट्ट्याची पानं कडेने लाल होऊन गुंडाळायला लागली. आमचं वावर पांदणीच्या, गाडीवाटेच्या कडेला. जाणारा-येणारा प्रत्येक जण पाहायचा. शेजारच्या वावरातली गोजरबाई सासूची सोबतीण, दोघी एकाच वर्षी या गावात नांदायला आलेल्या. ती मधल्या धुऱ्यावर, बांधावर उभी राहून म्हणाली, "मंजुळे, दोन लेकरं पोटची न् हे तिसरं सावत्र हाये काय वो?"

गंमत होती ती. बाजूच्या बायका हसल्या, मीही हसले. सासू नाही हसली. तिला ते लागलं. त्या दिवशी ती जेवायलाही पांदणीकडे पाठ करून बसली.

त्यानंतर घरातलं पाणी पुरेना. नळाला पाणी येऊन गेलं की मी टाकी, रांजण, हंडे सगळं काठोकाठ भरून ठेवायची. दुसऱ्या दिवशी रांजण अर्धा. मी गोविंदावर डाफरले की गाडी कशाला धुतो. तो म्हणाला, मी घरी असतो कुठे? दुपारी मी वावरात काठी घेऊन गेले तर तिसऱ्या पट्ट्याची पानं उलगडलेली. मी मोजलं, पुन्हा मोजलं. मला वाटलं मीच चुकले. मग खाली वाकून पाहिलं, तर प्रत्येक झाडाच्या बुडाशी ओली आळी केलेली आणि शेणाचा वास.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात मी पांदणीने गेले. सासू डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन येत होती. घरापासून वावर लांब. तिच्या पायांच्या भेगांत माती बसलेली, चुंबळ घसरून डोळ्यावर आलेली. धुऱ्यावर तिने जुन्या माठात शेण कालवून ठेवलं होतं. हंडा खाली ठेवला, कंबर धरून थोडी उभी राहिली, आणि शेणकाला गोड्या पाण्यात ढवळून एकेका झाडाला वाटीने घालायला लागली.

"आत्याबाई, हे काय करून राह्यल्या?"

"दिसत नाई काय तुले? पानी घालून राह्यली."

"मॅडमनं काय सांगतलं व्हतं? याले काईच द्याचं नाई."

"थ्या मॅडमले सांगाले काय जाते? गाडीत बसली न् गेली. मले रोज याच्या तोंडापुढून जावं लागते." वाटी थांबली नाही. "पंगतीत तिघाले बसवाचं, दोघाच्या पानावर वाढाचं न् तिसऱ्याचं पान कोरडं ठेवाचं. आपल्या घरी असं कई झालं काय?"

"पन हे पंगत नाई, आत्याबाई. प्रयोग हाये."

"मंग त्याईले म्हना, असा प्रयोग आपल्या घरच्या ताटात करून पाहा."

मला हसू आलं आणि धडकीही भरली. माझं केंद्र, माझी कायमची नोकरी, सगळं त्या वाटीतून झाडाच्या बुडाशी जात होतं. पण त्या बाईच्या मानेच्या शिरा ताठलेल्या पाहिल्यावर तिच्या हातातली वाटी ओढून घ्यायची माझी छाती झाली नाही. मी कळशी उचलून तिच्याजवळ नेऊन दिली आणि घरी येऊन अर्पिता मॅडमला फोन लावला. जे झालं ते सगळं सांगितलं, लपवलं नाही.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, तुम्ही सांगितलंत ते बरं केलं. तो पट्टा आता उपयोगाचा नाही आणि तो नाही म्हणजे तुमचं सगळं शेतच मोजणीतून वगळावं लागेल. मी विचारलं, मग आम्ही आता काय करू? त्या म्हणाल्या, काही नाही, पीक तुमचंच आहे, नीट सांभाळा. शेतदिन मात्र ठरलेला आहे, तो होईल. झालं. एवढ्यावर आम्ही प्रयोगातून बाहेर पडलो. सासूला सांगितलं तर ती म्हणाली, बरं झालं, आता चोरून न्यायला नको. आणि त्या दिवसापासून उजळ माथ्याने हंडे वाहायला लागली.

शेतदिन ठेवला तो पहिल्या वेचणीच्या दिवशी, सीतादहीच्या मुहूर्तावर. कापूस पहिल्यांदा वेचायचा तर आमच्याकडे आधी वावरात पाच खडे मांडतात, हळदकुंकू वाहतात आणि दहीभात चारी कोपऱ्यांना शिंपडतात. ते कंपनीच्या प्रज्वल सरांना कुठून तरी कळलं होतं. ते कॅमेरावाला घेऊनच आले. मंडप घातला, खुर्च्या मांडल्या. या वेळी पाहुणे बसले आणि उन्हात मामंजी उभे राहिले.

आणि वावर असं की पाहणाऱ्याने बोट तोंडात घालावं. पावडरीचा पट्टा गुडघाभर, बोंडं बारकी. आपला पट्टा बरा. आणि तो तिसरा, उपाशी ठेवायचा तो, कंबरेच्या वर गेलेला. हिरवागार, फांदीफांदीला टच्च बोंडं, कापूस फुटून नुसता पांढरा. का नाही होणार? एकेक झाड हाताने पाजलेलं होतं.

सासूने हिरवं लुगडं नेसलं होतं. तिने दहीभात तिन्ही पट्ट्यांत सारखा शिंपडला. प्रज्वल सरांनी हात जोडून तिला सांगितलं की आजी, एकदा पुन्हा करा, कॅमेऱ्यासाठी, आणि इकडे या, इकडे उजेड चांगला आहे. तिला तिसऱ्या पट्ट्यात उभं केलं. ती तर खुशच होती. तिला वाटलं, सगळ्यांनी टाकलेल्या लेकराचं कौतुक होऊन राहिलं. बोंड तळहातावर धरून ती हसली, पुढचा एक दात पडलेला तोही दिसला. तेवढ्यात कंपनीच्या पोरांनी पावडरीच्या पट्ट्यातला कंपनीच्या नावाचा पत्र्याचा बोर्ड उपटला आणि तिच्या बाजूला आणून रोवला.

मी पुढे झाले. "सर, हा पट्टा पावडरीचा नाही. याला आत्याबाईंनी शेणकाला घातलाय. मॅडमना माहीत आहे."

"मलाही माहीत आहे, ताई," प्रज्वल सर म्हणाले. "फक्त फोटो आहे."

मी अर्पिता मॅडमकडे पाहिलं. त्या वहीत काहीतरी लिहीत होत्या. वर पाहिलं, माझ्याशी नजर मिळाली आणि पुन्हा खाली पाहिलं. प्रेरणाताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पाहुण्यांच्या चहाचं बघ म्हणून मला मंडपाकडे वळवलं. मागे वळून मी पुन्हा ओरडून सांगितलं की बोर्ड काढा. पाहुण्यांतले दोघे-तिघे माझ्याकडे पाहून हसले. माझ्या बोलण्यातला हेल त्यांना गमतीचा वाटला असावा. सासूचा होकार तिथेच मोबाईलवर रेकॉर्ड करून घेतला. आजी, फोटो वापरू ना? हाव बाप्पा, वापरा की, म्हणाली ती.

उन्हाळ्यात गोविंदाचा मलकापूरहून फोन आला. माय बॅनरवर हाये, म्हणाला. स्टेशनच्या रस्त्याला, कृषी केंद्राच्या वर, दोन माणसांएवढी. जळगाव जामोदच्या बसस्टँडवरही तसंच लागलं होतं. मी स्वतः जाऊन पाहिलं. हिरवं लुगडं, तळहातावर बोंड, पडलेल्या दातासकट हसू. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, मंजुळाबाईंचा हातगुण, आता प्रत्येक पाकिटात. पाकिटावरही तिचाच चेहरा. मी एक पाकीट घरी नेऊन तिच्यासमोर ठेवलं आणि वाचून दाखवलं. तिने ते उलटंपालटं करून पाहिलं.

"पन म्या त थे पावडर हातात बी नाई घेतली," ती म्हणाली.

गाव आमच्या ओट्यावर यायला लागलं. कोणाला डोस विचारायचा होता, कोणाला तिच्या ओळखीने पाकीट मिळतं का ते पाहायचं होतं. सासू प्रत्येकाला सांगायची की पावडर नव्हती, शेणकाला होता आणि नळाचं पाणी होतं. लोक ऐकून घ्यायचे आणि एकमेकांकडे पाहायचे. गोजरबाई तर शेवटी स्पष्टच बोलली.

"फोटोत तूच हायेस ना?"

"हाव, मीच हावो."

"पट्टा तुह्याच वावरातला?"

"हाव."

"मंग खोटं कोन बोलून राह्यलं, फोटो का तू?"

 मी मध्ये पडून बोर्ड हलवल्याचं सांगितलं. गोजरबाई म्हणाली, एवढे शिकलेले लोक, विद्यापीठाचे, ते असं करतील होय? तिला वाटलं, मंजुळाबाईला आता मोठ्या लोकांची ओळख झाली, आपलं पीक आपल्यापुरतं ठेवायचंय तिला. तसं ती बोलली नाही, पण चहाचा कप भरलेला तसाच ठेवून गेली. आणि पावडर घेतली. तिने घेतली म्हणून धुऱ्याधुऱ्याने सगळ्यांनी घेतली.

टोबणीच्या दिवशी गोजरबाई सासूला बोलवायला आली. राग असला तरी हात हवाच होता. सासू उंबऱ्यात घुटमळली. पण हात लावायला बोलावणं आलं आणि नाही म्हटलं, असं तिने जन्मात केलं नव्हतं. ती गेली. पावडर टाकलेल्या तासात बसून तिने पहिल्या चार बिया टोबल्या. घरी आली तेव्हा खोबऱ्याची वाटी पदरात होती, ती तिने परडीत न टाकता नुसती कोनाड्यात ठेवून दिली.

त्या वर्षीही श्रावणात खंड पडला. पहिल्यांदा गोजरबाईच्या वावरात झाडं माना टाकायला लागली, मग इतरांच्या. वाऱ्याची एक झुळूक आली की झाड आडवं व्हायचं. आमची पऱ्हाटी मरतमरत का होईना उभी होती, कारण सासूने आणि मी मिळून जमेल तेवढी पाजली होती. गोजरबाईने आपल्या वावरातलं एक झाड उपटलं आणि भर दुपारी आमच्या ओट्यावर आणून टाकलं. मुळाशी पावडरीचा लिबलिबीत गोळा झालेला. त्यावर खार चढलेला. मूळ त्या गोळ्यातच गुरफटलं होतं, खाली उतरलंच नव्हतं.

सासू ते झाड हातात घेऊन बसली. गोजरबाई उभीच होती. ती भांडायला आली असती तर बरं झालं असतं, आम्हीही चार शब्द ऐकवले असते. पण तिचा आवाज अगदी खालचा होता.

"मंजुळे, तोंड इकलं त इकलं. हात काऊन इकला वो?"

आणि निघून गेली. चाळीस वर्षांची सोबत होती त्यांची. एकीच्या बाळंतपणात दुसरीने चूल सांभाळलेली. सासू त्या झाडाचा गोळा नखाने खरवडत राहिली. संध्याकाळी तिने स्वयंपाकाला हात लावला नाही. मला त्या तिघांचे, प्रज्वल सर, प्रेरणाताई आणि मॅडमचे, चेहरे डोळ्यांसमोर आणून शिव्या द्याव्याशा वाटल्या आणि मी दिल्याही, भांडी आपटून आपटून.

मग आम्ही जळगावला संस्थेच्या ऑफिसात गेलो. मी, सासू आणि मामंजी. तिघंही भागीदार तिथे दुसऱ्या टप्प्याच्या बैठकीला जमले होते. आम्हाला बाहेर बाकावर बसवलं. सासूच्या मांडीवर ओल्या पोत्यात गुंडाळलेलं झाड. आत हसण्याचा आवाज यायचा, नाश्त्याच्या प्लेटी आत जायच्या. जेवणाची वेळ झाल्यावर आम्हाला आत घेतलं.

अर्पिता मॅडमनी झाड हातात घेऊन नीट पाहिलं. त्यांना वाईट वाटलं, ते दिसलं. पण त्या म्हणाल्या की आमच्या अहवालात तुमचं शेतच नाही. पावडरीबद्दल आम्ही आणखी अभ्यास हवा एवढंच लिहिलं आहे. जाहिरात कंपनीची आहे, तिच्याशी विद्यापीठाचा संबंध नाही. प्रज्वल सर म्हणाले, आजींनी फोटोला होकार दिला होता आणि लोकांनी डोस पाळला नसेल. प्रेरणाताई म्हणाल्या, आम्ही फक्त माणसं जोडून देतो, पुढचं आमच्या हातात नसतं. आणि चहा मागवला.

सासू खुर्चीच्या कडेवर बसली होती. तिने तिघांकडेही पाहिलं.

"तुमच्या कागदात मी नाई. बोर्डावर मी हाये. न् गावात आता मले कोनी इचारत नाई. मंग मी हाये कुठी, थे सांगा मले."

 प्रज्वल सर बॅनर काढतो म्हणाले. जळगावचं काढलंही, पण पाकिटं दुकानादुकानांत होतीच. मॅडम म्हणाल्या, झाड ठेवून जा, मी तपासून कळवते. मी मोजायची काठी टेबलावर टाकली आणि म्हटलं की माझं नाव कमी करा. प्रेरणाताई दुखावल्या. तुझ्याकडून अशी अपेक्षा नव्हती, म्हणाल्या. मॅडमचं झाडाबद्दल काही कळवणं अजून आलेलं नाही.

या वर्षी पाऊस वेळेवर आला. टोबणीचे दिवस आले. सासू सकाळी उठून अंघोळ करून ओट्यावर बसायची. लोक पांदणीने सरकीच्या टोपल्या घेऊन जायचे. काही जण नमस्कार करायचे, काही जण पलीकडच्या बाजूने जायचे. एकीचंही बोलावणं आलं नाही. मामंजी म्हणाले, गुडघ्याने तुझ्याच्यानं चालवत नाही ते लोकांना ठाऊक आहे, म्हणून बोलवत नसतील. गुडघे तिचे नाही, त्यांचे दुखतात. सासूने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आमच्या टोबणीच्या दिवशीच गोजरबाईचीही टोबणी निघाली. मध्ये एक धुरा. सासू आपल्या बाजूला धुऱ्याला लागून उभी राहिली, पदर खोचून, हात मोकळे. ती कशासाठी उभी आहे ते मला कळत होतं. गोजरबाईने एकदा इकडे पाहिलं. मग तिने आपली सून काजल हिला हाक मारली, तिच्या कपाळाला हळदकुंकू लावलं आणि पहिल्या तासाकडे बोट केलं. काजल लाजत लाजत खाली बसली आणि चार बिया टोबल्या.

सासू मागे फिरली. आमच्या वावरात आता पट्टे नव्हते, दोऱ्या नव्हत्या, सगळं एकच रान. मी सरकीची टोपली तिच्यापुढे धरली. ती पहिल्या तासापाशी बसली, टोपलीत हात घातला, मूठभर सरकी उचलली. आणि तशीच थांबली. मग मूठ उघडून सरकी पुन्हा टोपलीत सोडली.

"दीपमाले, तू टाक."

"आत्याबाई, आपलंच वावर हाये."

"हाव. म्हनूनच म्हनतो. माह्या हातानं नको."

मी नको म्हटलं, हात धरला, रडलेही. ती उठून बाजूला झाली. शेवटी मी बसले आणि चार बिया टोबल्या. मग पुढच्या, मग त्यापुढच्या. ती माझ्या मागून येत होती आणि बियांवर पायाने माती लोटत होती. दोन्ही हात तिने पाठीमागे धरले होते.